दोन दिवसांच्या स्टॉलवर मुलाचा निकाल लावू नका

नमस्कार.

तुमचा मुलगा बारावी सायन्सला आहे, सहामाहीत ६८ टक्के आहेत आणि त्याला फोटोग्राफीचं वेड आहे. जानेवारीत कोल्हापुरात भरलेल्या एका कला-बाजारात तुम्ही १८ हजार खर्चून त्याला स्टॉल घेऊन दिलात. अट अशी, की दोन दिवसांत पैसे वसूल झाले तर फोटोग्राफी, नाहीतर इंजिनिअरिंग. ४० पैकी ११ प्रिंट गेल्या, सहा हजार हाती आले. आता कॅमेरा तुमच्या कपाटात आहे, मुलगा घरात कुणाशी धड बोलत नाही, आणि इंजिनिअरिंगच्या कोणत्या शाखेला ‘स्कोप’ आहे असं तुम्ही पत्रात मला विचारता.

शाखेचं राहू द्या. मला त्या अटीची काळजी वाटते. सतरा वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा स्वतःचं काम अनोळखी माणसांपुढे मांडलं, आणि त्याच दोन दिवसांवर तुम्ही त्याचं पुढचं आयुष्य टांगलंत. तेही बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना. पैसे तुम्ही दिलेत, ते प्रेमापोटीच दिलेत, याबद्दल मला शंका नाही. पण देताना पैज लावलीत. ‘बाजारानेच निकाल दिला, मी वाईट झालो नाही’ हे तुमचं वाक्य मला फार खटकलं. निर्णय तुमचा होता. तो गिऱ्हाइकांच्या खांद्यावर ठेवू नका. मुलाला ते कळतं, म्हणूनच तो गप्प आहे.

तुमचा एक गैरसमज मात्र मुळातून काढायला हवा. फोटोग्राफर प्रिंट विकून जगतो, म्हणजे प्रिंट खपल्या नाहीत तर धंदा नाही, असं तुम्ही धरून चाललात. आपल्याकडे केवळ भिंतीवरच्या प्रिंट विकून घर चालवणारे फोटोग्राफर फार थोडे. बाकीच्यांची रोजीरोटी लग्नं, जाहिराती, इमारती, खाद्यपदार्थ, कारखाने आणि कॅटलॉग यांवर चालते. तुमच्या आसपासच बघा: हुपरीची चांदी, इचलकरंजीचं कापड, २०१९मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले सुटे भाग. हे सगळं ऑनलाइन विकायचं तर आधी नीट दिसायला हवं. चकाकणाऱ्या चांदीवर प्रकाश कसा टाकायचा, त्यात स्वतःचं आणि कॅमेऱ्याचं प्रतिबिंब कसं टाळायचं, हे शिकायला वेळ लागतो आणि येणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात. (अशी कामं घेताना करार लेखी हवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो.)

आणि ११ प्रिंट गेल्या हे मला वाईट वाटत नाही. तुमच्याच पत्रात आहे, की गेल्या त्या सगळ्या छोट्या, बिनफ्रेमच्या होत्या. काचेच्या फ्रेममधली १२ बाय १८ची प्रिंट घेऊन गर्दीत कोण फिरणार? माउंट करून, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर बसवून, पारदर्शक पाकिटात घातलेली प्रिंट पिशवीत मावते. खर्चही फ्रेममध्येच जास्त झालाय, आणि उरलेल्या प्रिंट काही नासल्या नाहीत. नीट ठेवल्या तर पुढच्या वेळी चालतील. तांबड्या मातीतल्या पैलवानाच्या फोटोपुढे लोक थांबत होते, ‘कुठली तालीम?’ विचारत होते, पण घेत नव्हते. तो फोटो चांगला आहे याचीच ती खूण. दिवाणखान्यात लावायला लोक वेगळं घेतात, एवढंच. त्याला सांगा, त्यातली एक प्रिंट तालमीत नेऊन वस्तादांना दे आणि पैलवानाला विचार, की हा फोटो विकला तर चालेल ना. हे खरं तर स्टॉल लावण्याआधीच व्हायला हवं होतं.

प्रवेशाचं थोडक्यात: बारावीनंतर चार वर्षांच्या बीएफएसाठी, म्हणजे ललित कलेच्या पदवीसाठी, राज्याच्या सीईटी कक्षाची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. त्यातल्या उपयोजित कलेच्या शाखेत फोटोग्राफी शिकवतात. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा गांधीनगरचा फोटोग्राफी डिझाइनचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे.

आता काय करायचं ते सांगते. कॅमेरा आजच परत द्या, कोणतीही अट न घालता. ‘ती अट चुकीची होती’ हे तुम्ही स्वतः त्याला सांगा, आईकरवी नको. परीक्षा संपेपर्यंत करिअर हा विषय घरात काढू नका. फॉर्म इंजिनिअरिंगचाही भरा आणि एएसीचाही, दोन्हींची फी तुम्हीच भरा. पेपर संपले की त्याला स्टॉलचा हिशेब स्वतः मांडायला सांगा: कागद, छपाई, फ्रेम, जागेचं भाडं, काय गेलं, काय उरलं, किंमत कशावरून ठरवली. तो हिशेब घेऊन दोघं मला भेटायला या. इंजिनिअरिंगबद्दल तेव्हा मी आधी त्याला विचारेन, मग तुम्हाला.