सांडपाणी आणि खतामुळे तलाव हिरवागार होतो, मग त्यात ऑक्सिजन जास्त हवा ना? तरी मासे का मरतात?

दिवसा ऑक्सिजन जास्तच असतो, मासे गुदमरतात ते पहाटे. सांडपाण्यातला फॉस्फरस आणि युरियातला नायट्रोजन खाऊन शेवाळ माजतं. ऊन असेपर्यंत ते ऑक्सिजन सोडतं, पण रात्री स्वतःच श्वासाला वापरतं. त्यात मेलेलं शेवाळ आणि मैला कुजवणारे जिवाणू चोवीस तास ऑक्सिजन ओढत असतात. ३० अंशांच्या पाण्यात मुळात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. तो दोन-तीनवर आला की रोहू-कटला तोंड वर काढून गपागपा करतात. मरळ आणि मागूर हवेतूनही श्वास घेतात, म्हणून टिकतात. पाण्याचे नमुने तपासणं हे माझं काम, आणि दुपारी घेतलेला नमुना हमखास फसवतो. सूर्य उगवायच्या आधी घ्या.

सोलापुरात संभाजी तलावावर जलपर्णी दिसते, कारण तेच. उजनीत तर पुण्याकडचं सांडपाणी भीमेतून येतं, वर काठच्या उसाचं खत.

मात्र मेलेला प्रत्येक मासा शेवाळाच्या खात्यावर टाकू नका. मरळसुद्धा उलटी तरंगत असेल तर विषारी रसायनाचा संशय घ्या.