कॅनडात स्वतः बोट चालवत लॉकमधून जाणं नवशिक्यांना जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही ओंटारिओत राहतो. बोटीचा अनुभव अजिबात नाही. उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून येणार आहेत. इथल्या नद्या-कालव्यांतून स्वतः बोट चालवत आठवडाभर फिरता येतं असं ऐकलं. जमेल का? लॉकची, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या त्या हौदांची, फार भीती वाटते."

हो, जमेल. नवशिक्यांनी कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं की मी रिडो कालव्याचं नाव घेते. तुम्ही ओंटारिओतच आहात म्हटल्यावर दुसरीकडे बघायचं कारणच नाही. आम्ही नवरा-बायको ओटावाजवळ राहतो आणि उन्हाळ्यात जमेल तेव्हा या पाण्यावर असतो. माझं मत सांगते: भीती लॉकची नको, वाऱ्याची आणि घाईची असू द्या. लॉक तर या प्रवासातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. मी तर म्हणेन, लॉकसाठीच जा.

आधी हा कालवा नेमका काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं होईल. ओटावापासून किंग्स्टनपर्यंत हा जलमार्ग २०२ किमी लांब आहे, पण त्यात माणसाने खोदलेला भाग जेमतेम १९ किमी. बाकी सगळ्या नद्या आणि तळी. एका बाजूला रिडो नदी उत्तरेकडे ओटावाला जाते, दुसऱ्या बाजूला कॅटराक्वी नदी दक्षिणेकडे किंग्स्टनला उतरते. दोन्ही नद्या खळाळत्या, खडकाळ. त्यांवर ठिकठिकाणी धरणं बांधून पाणी मागे फुगवलं, खळाळ त्या पाण्याखाली गेले, आणि धरणाच्या खालच्या पाण्यातली बोट वरच्या पाण्यात न्यायला शेजारी लॉक बांधले. ओटावाकडून निघालात तर आधी ८३ मीटर वर चढायचं आणि मग किंग्स्टनकडे ५० मीटर उतरायचं. मध्यावरचं अप्पर रिडो तळं म्हणजे या मार्गाचा माथा.

१८१२ च्या युद्धानंतर ब्रिटिशांना धास्ती होती की अमेरिकेने सेंट लॉरेन्स नदी अडवली तर मॉन्ट्रियलहून किंग्स्टनला रसद जाणारच नाही, कारण ती नदी सरहद्दीला लागून वाहते. म्हणून आतल्या जंगलातून दुसरा मार्ग काढायचा ठरला. रॉयल इंजिनिअर्सचे लेफ्टनंट कर्नल जॉन बाय १८२६ मध्ये आले आणि १८३२ मध्ये कालवा सुरू झाला. ज्या लढाईसाठी तो बांधला ती कधी झालीच नाही. तेव्हापासून दर हंगामात तो चालू आहे आणि २००७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आता लॉक. दगडी भिंतींचा लांबट हौद समजा, सुमारे ४१ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. हे दरवाजे मिटले की त्यांचं टोक वरच्या पाण्याच्या दिशेला येतं, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट मिटवून धरतो. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत ते उघडतच नाहीत. म्हणजे अर्धवट भरलेल्या लॉकचा दरवाजा चुकून उघडेल ही जी शंका सगळ्यांच्या मनात येते, ती मनातून काढून टाका.

तुम्ही करायचं एवढंच. लॉकच्या अलीकडे धक्क्यावर निळी रेघ रंगवलेली असते. लॉकमधून पुढे जायचं असेल तर त्या रेघेपाशी बोट लावायची. कर्मचारी तुम्हाला बघतात आणि आत बोलावतात. फेंडर, म्हणजे धक्का झेलायला बोटीच्या कडेला लोंबणाऱ्या उशा, दोन्ही बाजूंना आधीच सोडून ठेवायचे, कारण कुठल्या भिंतीला लागायचं ते आत गेल्यावर कळतं. अगदी हळू आत शिरायचं. भिंतीवर वरून खालपर्यंत जाड केबल लोंबत असतात. पुढची दोरी एका केबलभोवती, मागची दुसऱ्या केबलभोवती फिरवायची आणि टोक हातात धरायचं. इंजिन बंद.

दोरी बांधायची नाही. पूर्ण उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. खाली उतरताना पाणी निघून जातं आणि बांधलेली बोट भिंतीला लटकते. वर चढताना दोरी सैल पडते आणि बोट फिरते. म्हणून चढताना हळूहळू ओढत राहायची, उतरताना हळूहळू सोडत राहायची. चढताना आत येणाऱ्या पाण्याने बोट थोडी खेचली जाते, तेव्हा पुढच्या दोरीवर ज्याच्या हातात जोर आहे त्याला उभं करा. उतरताना काहीच जाणवत नाही. बोट आणि भिंत यांच्यामध्ये हात किंवा पाय कधीही घालू नका. धक्का बसायचा असेल तर फेंडरला बसू दे.

पेट्रोलचं इंजिन असेल तर आणखी एक पथ्य. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते. इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, निदान चार मिनिटं चालवायचाच. मागचे लोक वाट बघत असले तरी बघू देत.

हे सगळं तुम्ही करत असताना वर जे चाललेलं असतं ते बघायला विसरू नका. रिडोचे बहुतेक लॉक आजही हाताने चालवतात. पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेचे कर्मचारी, त्यात उन्हाळी नोकरी करणारी कॉलेजची मुलंमुलीही असतात, लोखंडी हातरहाटाचा दांडा धरून गोल फिरवतात, साखळी ओढली जाते आणि तो अवाढव्य दरवाजा सावकाश सरकतो. न्यूबरो, ब्लॅक रॅपिड्स आणि स्मिथ्स फॉल्सचा मोठा लॉक तेवढे यंत्राने चालतात. आत तुमच्याबरोबर एखादी मोठी क्रूझर असते, दोन कायाक असतात, आणि बाहेरच्या हिरवळीवर डबा उघडून बसलेली कुटुंबं तुमच्याशी गप्पा मारतात. कुठून आलात, कुठे निघालात, पुढच्या लॉकवर गर्दी आहे का. पाणी भरेपर्यंत कुणालाच कुठे जायचं नसतं, म्हणून बोलणं होतं. गाडीने शंभरदा गेलो असतो तरी ही माणसं आम्हाला भेटली नसती.

आणि हे दगड कुणी रचले तेही माहीत असावं. आयर्लंडहून आलेले मजूर, फ्रेंच कॅनडियन मजूर, स्कॉटिश गवंडी. बांधकामाच्या काळात सुमारे हजार माणसं मेली, त्यातली बरीच मलेरियाने. कॅनडात मलेरिया ऐकून आपल्याला नवल वाटतं, पण दलदलीतल्या डासांनी तो इथेही पसरवला होता. न्यूबरोला खडक फोडून दोन्ही नद्यांची खोरी जोडायची होती, तिथे तापाने सगळ्यात जास्त हाल केले. जॉन बाय स्वतःही त्या तापाने आजारी पडले होते. ओटावाच्या लॉकपाशी आणि किंग्स्टनला या मजुरांच्या स्मरणार्थ केल्टिक क्रूस उभे आहेत. निघण्याआधी आई-बाबांना त्यातला एक दाखवा.

मार्गाबद्दल. बहुतेकांना ओटावा ते किंग्स्टन पूर्ण करायची हौस असते. पहिल्या आठवड्यात तो नाद सोडा. संसद भवनाच्या पायथ्याशी असलेले ओटावाचे आठ सलग लॉक दिमाखदार आहेत, २४ मीटर चढवतात, पण त्यांना दीड तास सहज लागतो. नंतर लाँग आयलंड ते बरिट्स रॅपिड्स सुमारे ४० किमी एकही लॉक नाही. कालव्याच्या अरुंद भागात वेगाची मर्यादा ताशी १० किमी आहे आणि भाड्याच्या बोटी तशाही त्याच चालीने जातात, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. इथे अंतर किलोमीटरात मोजू नका, लॉकमध्ये मोजा. आज चार लॉक, उद्या तीन, परवा एकही नाही, असा बेत करा. लॉक संध्याकाळी बंद होतात आणि वेळा हंगामाप्रमाणे, वाराप्रमाणे बदलतात, त्या आधी बघून ठेवा. शेवटच्या लॉकसाठी धावपळ करणाऱ्यांच्याच बोटींना धक्क्याचे ओरखडे पडतात.

माझी शिफारस स्मिथ्स फॉल्सहून दक्षिणेकडे जाऊन परत येण्याची. ल बोट या कंपनीचा तळ २०१८ पासून तिथे आहे. झोपायची, स्वयंपाकाची, न्हाणीघराची सोय असलेल्या बोटी मिळतात. निघाल्यावर लवकरच पूनामली नावाचा लॉक येतो. चेन्नईजवळच्या पूनमल्लीवरून हे नाव पडलं असं सांगतात. बाबांना तिथे फोटो काढायचा असेल, काढू द्या. मग बिग रिडो तळं. वाटेत बेव्हरिजेसचे दोन लॉक चढून टे कालव्याने पर्थ गावात जाता येतं. तो फाटा उथळ आहे आणि पूल बुटके, तेव्हा तुमची बोट जाईल का ते तळावरच विचारा. पुढे नॅरोजचा लॉक, मग डोंगराच्या कुशीतलं वेस्टपोर्ट, तिथे वाणसामान भरून घ्या. न्यूबरोनंतर निसर्ग पालटतो: ग्रॅनाइटचे खडक, पाइन, वळणावळणांची तळी, रात्री लून पक्ष्याची हाक. मग चॅफीज आणि डेव्हिसचे लॉक, आणि शेवटी जोन्स फॉल्स.

जोन्स फॉल्सला एक पूर्ण दिवस द्या. तिथे चार लॉक आहेत, आणि जंगलात थोडं चालत गेलात की दगडी कमानीचं धरण दिसतं, सुमारे १९ मीटर उंच. बांधलं तेव्हा उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात उंच धरण होतं ते. दगड दहा किलोमीटरवरून, रस्ता नसलेल्या रानातून आणले होते. मी त्या भिंतीखाली उभी राहिले की आपल्याकडच्या गडांच्या तटबंदीची आठवण येते.

या दक्षिण भागात एक सावधगिरी हवी. पाण्याखाली खडक आहेत, म्हणून बोयांच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, मधूनच जायचं. वरच्या दिशेने जाताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा, पण माथा ओलांडला की तुम्ही उतरू लागता आणि बाजू बदलते. नकाशा समोर उघडा ठेवा, एकाने चालवावं आणि एकाने बोये बघावेत.

वाऱ्याबद्दल सुरुवातीला म्हटलं ते यासाठी की भाड्याची बोट उंच आणि सपाट बाजूंची असते, बिग रिडोसारख्या उघड्या तळ्यात वारा तिला सहज ढकलतो. मोठं तळं सकाळी लवकर पार करा. दुपारी वारा वाढला तर धक्क्यालाच राहा, एक दिवस गेला तर गेला. धक्क्याला लागताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने या, म्हणजे बोट आपोआप मंदावते.

कागदपत्रांचं थोडक्यात. स्वतःची इंजिनाची बोट चालवायची तर प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड लागतं, त्याची परीक्षा ऑनलाइन देता येते. भाड्याच्या बोटीसाठी कार्ड नसेल तर कंपनी सुरक्षेची यादी समजावून सही घेते, तेवढ्यावर त्या बोटीपुरतं चालतं. तरीही परीक्षा द्याच, बोयांची भाषा तिथेच नीट कळते. प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट बोटीवर असायलाच हवं. आईंना पोहता येत नसेल तर त्यांनी ते डेकवर असताना अंगातच ठेवावं. ओंटारिओत चालत्या बोटीवर कुणीच दारू प्यायची नाही. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची कायम सोय असलेली बोट धक्क्याला किंवा नांगरावर असेल तरच चालतं. संडासाची टाकी पाण्यात सोडणं गुन्हा आहे, ती मरीनावर, म्हणजे बोटींच्या तळावर, रिकामी करून घ्यायची.

वयस्कर माणसांना झेपेल का? माझ्या सासूबाई आमच्याबरोबर आल्या होत्या, गुडघे दुखतात तरी. बोटीवर चढउतार करताना हात द्यावा लागतो आणि आतल्या पायऱ्या अरुंद असतात, तेवढंच. लॉकमध्ये त्यांना दोरी द्यायची नाही, खुर्ची द्यायची. बहुतेक लॉकपाशी रात्री मुक्काम करता येतो, स्वच्छतागृह असतं, हिरवळ असते. कर्मचारी घरी गेले की सगळीकडे शांतता होते आणि आपण पोहे करून बाहेरच्या बाकावर बसू शकतो.

हे आवडलं तर पुढच्या वर्षी ट्रेंट-सेव्हर्न हा ओंटारिओतलाच दुसरा जलमार्ग. ३८६ किमी, लेक ओंटारिओपासून जॉर्जियन बेपर्यंत. तिथला पीटरबरोचा लिफ्ट लॉक १९०४ चा: दोन प्रचंड हौद, एक वर एक खाली. वरच्यात सुमारे ३० सेंटीमीटर पाणी जास्त घेतात, त्या वजनाने तो खाली येतो आणि दुसरा तुमच्या बोटीसकट जवळजवळ २० मीटर वर जातो. त्याच मार्गावरच्या बिग शूटला तर बोट रुळांवरच्या गाड्यावर ठेवून टेकडीवरून पलीकडे नेतात. पण ते आधी नको. दोरीचा हात रिडोवर बसू द्या.

महिना निवडताना: कालवा साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालू असतो. जूनमध्ये डास फार, जुलै-ऑगस्टला लॉकवर गर्दी, विशेषतः शनिवार-रविवारी. आई-बाबांची तिकिटं अजून काढली नसतील तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. लॉकच्या वेळा थोड्या कमी होतात, पण डास गेलेले असतात आणि धक्क्यावर जागा मिळते. संध्याकाळी गार होतं, आईंसाठी एक जाड शाल घ्या.