अमारोनेसोबत जेवायला काय? तुमचे प्रश्न

प्रश्न: भावाने इटलीतल्या व्हेरोनाहून अमारोने आणलीय, लेबलवर १५.५ टक्के अल्कोहोल लिहिलंय. रेड वाइन एवढी स्ट्राँग कशी, वरून काही घालतात का?

वरून काही नाही, सगळी ताकद द्राक्षाचीच. व्हेरोनाच्या उत्तरेला वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्या आहेत, तिथे कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला ही द्राक्षं तोडतात पण लगेच चिरडत नाहीत, निवडक घड हवेशीर माळ्यावर बांबूच्या चटईवर नाहीतर क्रेटमध्ये एकेरी थर करून तीन-चार महिने सुकवत ठेवतात. तासगावकडे बेदाण्याचं शेड बघितलं असेल तर चित्र डोळ्यासमोर येईल, फक्त इथे पार बेदाणा होऊ देत नाहीत, वजन साधारण तिसरा हिस्सा घटलं की पुरे. पाणी उडतं, साखर घट्ट होते, मग ऐन थंडीत यीस्ट ती साखर हळूहळू खाऊन अल्कोहोल करतं. नियमानेच किमान १४ टक्के लागतं, प्रत्यक्षात १५-१६ सर्रास. आंबवणं मधेच थांबलं की रेचोतो नावाची गोड वाइन होते. अमारोने मात्र जवळपास ड्राय, म्हणजे साखर फारशी न उरलेली, असते, पहिल्या घोटाला गोडसर वाटतं ते सुक्या चेरी-मनुक्यासारख्या स्वादामुळे आणि जास्तीच्या अल्कोहोलमुळे.

प्रश्न: रविवारी मटण आणि तांबडा रस्सा करतोय, सोबत हीच उघडू का?

रश्श्यासोबत नको, प्लीज! तिखटावर अल्कोहोल पडलं की जिभेची आग अजून भडकते, आणि मग एवढ्या मेहनतीच्या वाइनची चवच लागत नाही. पण मटण सोडू नका. व्हेरोनात पास्तिस्सादा म्हणून एक जुना पदार्थ आहे, मूळचा घोड्याच्या मांसाचा, आता बऱ्याच ठिकाणी बीफचा, त्यात भरपूर कांदा, लवंग, दालचिनी आणि वाइन घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात, मांस काट्याने सुटेपर्यंत, आणि पोलेंतासोबत, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीसोबत, वाढतात. म्हणजे लवंग-दालचिनीशी या वाइनचं छानच जमतं, भांडण फक्त मिरचीशी आहे. तेव्हा सुकं मटण करा, कांदा अगदी तपकिरी परता, खडा मसाला घाला, तिखट नावापुरतं, आणि चरबीचे तुकडे असू द्या कारण टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साल-बियांतून वाइनमध्ये उतरणारा, तुरटपणा चरबीमुळेच मऊ लागतो.

प्रश्न: आम्ही पक्के व्हेज. आमच्यासाठी काही आहे की नाही?

आहे की, आणि मला स्वतःला तेच जास्त आवडतं. रिसोत्तो आल्ल'अमारोने करा, म्हणजे अमारोने घालून शिजवलेला मऊसर इटालियन भात. व्हेरोनाच्या दक्षिणेला व्हियालोने नानो नावाचा आखूड दाण्याचा तांदूळ पिकतो, तो कांद्यावर परतून वाइन ओततात, ती आटली की भाज्यांचा गरम स्टॉक डावाडावाने घालत हलवत राहायचं, शेवटी लोणी आणि चीज. भात जांभळट होतो आणि दाणा आतून किंचित कणीदार राहतो. एक लक्षात ठेवा, अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या एन्झाइमने, बनवतात, म्हणून पॅकवर व्हेजिटेरियन रेनेट लिहिलेलं मुरलेलं हार्ड चीज शोधा. रिसोत्तो जमत नसेल तर लोण्यात खमंग परतलेले मशरूम, नाहीतर नुसतं मुरलेलं चीज आणि अक्रोड. पनीर फार सौम्य पडतं.

प्रश्न: तळलेल्या सुरमईबरोबर?

नाही. रेड वाइनसोबत मासा बऱ्याचदा लोखंडी लागतो, त्यात ही तर भलतीच जड.

प्रश्न: अमारोने खिशाला परवडत नाही, जवळपासचं काय घेऊ?

वाल्पोलिचेल्ला रिपास्सो घ्या. अमारोने गाळल्यावर जी सालं उरतात त्यांच्यावर त्याच भागातली साधी वाल्पोलिचेल्ला वाइन ओतून परत आंबवतात, त्यामुळे त्या सुक्या फळाचा अंश उतरतो, अंग हलकं राहतं, किंमतही बरीच कमी. रोजच्या जेवणाला तर मी हीच सुचवेन, पास्ता, मशरूम पिझ्झा सगळ्याला चालते.

प्रश्न: 'रूम टेम्परेचर'ला प्या म्हणतात, म्हणजे किती?

१६ ते १८ डिग्री, आपल्याकडची खोली नव्हे! ३० डिग्रीत नुसता अल्कोहोलचा भपका येतो. आधी बाटली उघडून वाइन जगमध्ये ओतून तासभर राहू द्या, मग पिण्याआधी तो जग तेवढा गार होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा, आणि ग्लास मोठे घ्या पण तिसरा हिस्साच भरा. उरली तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस आरामात टिकते.