जादा कामाचा मोबदला : पैसे की सुट्टी?

प्रश्न : मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या मोल्डिंग खात्यात काम करतो. माझी पाळी आठ तासांची आणि आठवडा सहा दिवसांचा आहे. गेल्या महिन्यात ऑर्डर मोठी असल्यामुळे माझे बारा तास जादा भरले. परंतु पगारपत्रकात ओव्हरटाइमचा रकाना कोराच होता. विचारले असता, 'दीड दिवस सुट्टी घ्या, हिशेब मिटला,' असे उत्तर मिळाले. भातलावणीसाठी मला सुट्टी हवीच असते. तरीही असा व्यवहार योग्य आहे काय?
– एक कामगार, पन्हाळा तालुका

उत्तर : नाही. आपला हिशेब मिटलेला नाही. आठवड्याच्या 48 तासांपलीकडे केलेल्या कामाला नेहमीच्या दराच्या दुप्पट वेतन मिळाले पाहिजे, हा 1948 च्या कारखाने अधिनियमातील 59व्या कलमाचा नियम होता, आणि कामाच्या सुरक्षिततेविषयीच्या 2020 च्या संहितेतही तो कायम आहे. जादा काम कामगाराच्या संमतीनेच घ्यावे, असे ही संहिता सांगते. मात्र थांबायला दिलेली संमती म्हणजे पैसे सोडायला दिलेली संमती नव्हे.

समजा, आपला पगार 26 दिवसांचा 15,600 रुपये आहे. म्हणजे रोज 600, तासाला 75 आणि जादा तासाला 150 रुपये. बारा तासांचे 1,800 रुपये होतात, तर दीड दिवसाच्या भरपगारी सुट्टीची किंमत जेमतेम 900 रुपये भरते. दिवसभर वाळू भरून, साचे उचलून कंबर धरलेली असताना केलेल्या कामाचे निम्मे मोल असे हातोहात नाहीसे होते, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

आठवडी सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावल्यास त्या महिन्यात किंवा पुढील दोन महिन्यांत बदली सुट्टी देण्याची तरतूद आहे, आणि गोंधळ बहुधा येथेच होतो. ती सुट्टी बुडालेल्या विश्रांतीची भरपाई असते. जादा तासांच्या वेतनाची जागा ती घेत नाही. दुप्पट दर ठेवण्यामागे, मालकाने माणसाला थांबवून घेण्याआधी दुसरा माणूस नेमण्याचा विचार करावा, हाही हेतू आहे. स्वस्त सुट्टीवर काम भागू लागले, तर तो धाक उरत नाही. शिवाय अशी सुट्टी बहुतेक वेळा ऑर्डर मंदावल्यावर, कारखान्याच्या सोयीने पदरात पडते. लावणीचा चिखल तयार असतो तेव्हा मिळेलच, याची हमी कोण देणार? भातलावणीसाठी आपल्या हक्काची भरपगारी रजा स्वतंत्रपणे मागावी.

आजपासून एका वहीत तारीख, पाळी सुटण्याची वेळ आणि प्रत्यक्ष बाहेर पडण्याची वेळ लिहीत जावे. हजेरीपटाचा किंवा पंचिंग यंत्रावरील हजेरी-नोंदीचा फोटो मिळाला, तर तोही जपून ठेवावा. आधी व्यवस्थापनाकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी. उत्तर न मिळाल्यास वही आणि पगारपत्रके घेऊन कोल्हापुरातील सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जावे. तोवर 'जादा कामाचा मोबदला मिळाला' अशा मजकुराखाली सही करू नये.