जुनं सन मशीन 'बूट नेट'वर अडकलंय

प्रश्न: सर, माझ्याकडे सन कंपनीचं स्पार्कस्टेशन ५ हे जुनं वर्कस्टेशन आहे, डिस्क मेलीय म्हणून लिनक्स लॅपटॉपवरून नेटबूट (म्हणजे नेटवर्कवरून सुरू) करतोय, पण 'टाइमआउट वेटिंग फॉर एआरपी/आरएआरपी पॅकेट' एवढंच येत राहतं. आयपी वाटणारं डीएचसीपी तर चालू आहे! - एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर: अहो, तिथेच गोची आहे. या मशीनला डीएचसीपी कळतच नाही, ते आरएआरपी या जुन्या पद्धतीने नेटवर्कवर ओरडून विचारतं की माझा आयपी काय, आणि तो ओरडा राउटरपलीकडे जात नाही, त्यामुळे लॅपटॉप वायफायवर ठेवू नका, दोघांनाही एकाच स्विचला केबलने जोडा. लॅपटॉपवर आरएआरपीडी (त्या ओरड्याला उत्तर देणारा प्रोग्रॅम) लावा, त्याच्या ईथर्स फाइलमध्ये मशीनचा मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्ता, नोंदवा.

पण त्याआधी स्क्रीनवरचा मॅक बघा बरं. ८:०:२० ने सुरू होत नसेल, सगळे एफएफ दिसत असतील तर एनव्हीरॅम या सेटिंग्ज जपणाऱ्या चिपच्या पोटातली बॅटरी संपलीय, मॅक त्या चिपमध्येच साठवलेला असतो. जुन्या मशीनचं हे नेहमीचं दुखणं, आधी तेच निस्तरा.

मॅक ठीक असेल तर लॅपटॉपवरचा टीएफटीपी फोल्डर बघा, मशीन आपली बूट फाइल तिथूनच उचलतं. फाइलचं नाव म्हणजे आयपीच हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत), तेही कॅपिटल अक्षरांत: १९२.१६८.१.२० असेल तर सी०ए८०११४ आणि पुढे टिंब देऊन सन४एम, हा या मशीनचा प्रकार. लिनक्सचा आरएआरपीडी ही फाइल सापडली नाही तर उत्तरच देत नाही, मॅक बरोबर असला तरी गप्प बसतो, माझी एक अख्खी रात्र यातच गेली होती. तिथून पुढे बूटपॅरॅम्स (बूटची माहिती देणारी सेवा) आणि एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणारी सेवा), पण आधी एवढं करून कळवा.