५० चा गेम, ६० चा मॉनिटर

रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) अन् जुन्या गेमांवर फिरून फिरून तेच विचारता म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी आधी हे वाचा.

प्रश्न : पाय ४ वर गेम खेळताना चित्र मधूनच आडवं फाटल्यासारखं दिसते. (सदर, नागपूर)

उत्तर : व्हीसिंक (मॉनिटरच्या तालावर चित्र बदलायची सेटिंग) बंद आहे. चालू करा.

प्रश्न : बर्डीत दुकानदार म्हणाला मॉनिटरला जोडायला सोनेरी टोकाची ८के वायर घ्या, गेम स्मूथ होईल.

उत्तर : होणार नाही. वायर खराब असली तर ठिपके चमकतात नाहीतर चित्रच जाते. मित्राची वायर लावून बघा आधी.

प्रश्न : पायवर अमिबेरी (जुन्या अमिगा कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून अमिगाचे गेम खेळतो. व्हीसिंक चालू, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) पूर्ण ५०, तरी स्क्रोल होताना ठेचा लागतात. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र दाखवणारा) मॉनिटर घेऊ का? (धरमपेठ)

उत्तर : थांबा भाऊ, पैसे खिशातच ठेवा. युरोपातला अमिगा पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी होता, सेकंदाला जवळपास ५० चित्रं, आपल्या दूरदर्शनचाही हिशोब तोच. तुमचा मॉनिटर मागतो ६०. मग वरचे १० आणायचे कुठून, तर दर पाचवं चित्र दोनदा दाखवायचं, म्हणजे चार चित्रं १६.७ मिलिसेकंद टिकतात अन् पाचवं ३३, असे सेकंदाला दहा झटके, डोळ्याला नेमके तेच दिसतात. १४४ ला ५० नं भागा, २.८८ येते, म्हणजे बरीच चित्रं तीनदा अन् काही दोनदाच, झटका बारीक होतो पण जात नाही. १०० हर्ट्झ बरोबर दुप्पट, पण दुकानदाराला खोक्यावरचा मोठा आकडा विकायचा असते, तो कशाला सांगेल. मी पण १४४ चा घेऊन फसलोय, त्या मॉनिटरवर आता पोरगी ट्यूशनचे व्हिडिओ बघते. आधी फुकटचा उपाय करा, घरच्या टीव्हीला लावून १०८०पी ५० हर्ट्झ निवडा, बरेच टीव्ही घेतात, मॉनिटर पुष्कळदा नाही म्हणतात. टीव्हीत गेम मोड लावा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते. तरी जमलं नाही तर सेटिंगचा फोटो पाठवा, विचारल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

प्रश्न : फ्रीसिंकवाला (गेमच्या तालानं स्वतःचा वेग बदलणारा) मॉनिटर चालेल का, लिनक्स पीसी आहे?

उत्तर : त्याची हर्ट्झची रेंज बघा. ४८ पासून असेल तर ५० चा गेम बसतो. मॉडेल नंबर पाठवा, मग बोलू.

प्रश्न : मे महिन्यात अर्ध्या तासानं गेम अडखळतो.

उत्तर : खोलीच ४४ अंशाची, पाय ४ आतून ८० ला गेला की आपोआप स्पीड उतरवतो. हीटसिंक, फॅन लावा, पण कूलरसमोर ठेवू नका बाप्पा, तुषार उडतात. पडद्यावर पिवळ्या विजेचं चिन्ह दिसलं, म्हणजे पायला व्होल्टेज कमी पडते, तर मोबाईलचा चार्जर काढून ५ व्होल्ट ३ अँपिअरचा लावा, अन् मीटरवाल्याकडून एकदा व्होल्टेज बघून घ्या.

प्रश्न : जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे, उघडून साफ करू?

उत्तर : नाही. बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट राहू शकतात. महालात टीव्ही रिपेअरवाला एखादा जुना माणूस शोधा, त्यालाच उघडू द्या.