४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का?

नाही. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७, आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत.

ही संख्या म्हणजे २³² + १. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ (म्हणजे २¹ + १, २² + १, २⁴ + १, २⁸ + १, २¹⁶ + १) या मूळ संख्यांच्या रांगेत पुढची हीसुद्धा मूळच असणार. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ते खोटं ठरवलं. हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ने भागल्यावर बाकी १च ठेवतो. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकारात उत्तर हाती!

पण मला सगळ्यात आवडतो तो भागाकार न करता दिलेला पुरावा. ६४१ = ५ × २⁷ + १, म्हणून ५ × २⁷ ला ६४१ने भागल्यास बाकी −१ धरता येते. चौथा घात केला की ५⁴ × २²⁸ ची बाकी १. आता ६४१ = ५⁴ + २⁴ सुद्धा आहे (६२५ + १६), तेव्हा ५⁴ च्या जागी −२⁴ ठेवा. −२³² ची बाकी १ आली, म्हणजेच २³² + १ ला ६४१ने निःशेष भाग जातो. कागदावर एकदा स्वतः करून बघाच, फार सुंदर आहे.

आणखी एक गंमत: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा गुणाकार येतो ४,२९,४९,६७,२९५, आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ने कमी. त्यामुळे या पाचांपैकी कोणीही हिला भागलं तरी बाकी २ उरते, म्हणजे एकानेही भाग जात नाही. वरच्या यादीतला २५७ त्यामुळे न भागताच गळतो.